उसळी दिसते, पण बास लागत नाही?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरात शॅडचे (छोट्या चंदेरी माशांचे) थवे पाण्यावर उसळतात, त्यांना खाणारा बास हा मोठा मासा दिसतो, पण गळाला लागत नाही. मुलीकडे टेनेसीला गेलो होतो तेव्हा माझ्याही दोन सकाळी अशाच वाया गेल्या. पाण्यात बोटाएवढे शॅड, आणि मी फेकत होतो वीतभर ल्यूर, म्हणजे नकली आमिष! समोर खऱ्या माशांचं ताट वाढलेलं असताना बास ते कशाला धरेल? दोन इंची चंदेरी स्पून (चमच्यासारखं धातूचं ल्यूर) लावला, तेव्हा कुठे जमलं.

उसळीच्या मधोमध मात्र टाकू नका, थवा बिचकतो. थोडं पलीकडे टाकून आत ओढत आणा आणि मध्येच दोरी सैल सोडा. मोठे बास बऱ्याचदा थव्याखाली असतात, जखमी होऊन खाली येणारे मासे टिपत. त्यामुळे झटका बसतो तो स्पून गिरक्या घेत बुडताना. माझ्या वेळी तर झटकाही जाणवला नाही, मासा लागल्याची खूण म्हणून दोरी नुसतीच बाजूला सरकली होती.

पाणी गार होऊ लागलं की शॅड तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांत शिरतात, मागोमाग बास. पक्ष्यांवरही नजर ठेवा, ते घिरट्या घालतात तिथे खाली थवा असू शकतो. भिगवणला हिवाळ्यात कुरव घिरट्या घालतात ना, तसंच. इथे पुण्यात बास कुठला, दुर्बीण घेऊन कुरवच बघत बसतो.