ग्रुप होम शेजारी नको, तर मग कुठे?

मुक्ताई: कालच्या 'कॅलिफोर्नियात घर घेताना' धाग्यावर कुणीतरी लिहिलंय, "आमच्या गल्लीत सोबर लिव्हिंग आलंय, सिटीने बंद करायलाच हवं, सह्या करा." (सोबर लिव्हिंग म्हणजे व्यसन सोडणाऱ्यांनी एकत्र राहायचं घर.) खाली नुसता +१ चा पाऊस. तिथे उत्तर फारच लांबलं, म्हणून वेगळा धागा.

सिटीला मनात आलं म्हणून बंद करता येत नाही हो. घर देताना भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या फेअर हाउसिंग कायद्यात 1988 पासून अपंग आले, आणि व्यसनातून बाहेर पडणारेही त्यातच मोडतात. त्याच्याही आधी टेक्ससमधल्या क्लेबर्न शहराने बौद्धिक अपंगत्व असलेल्या 13 जणांच्या ग्रुप होमला, म्हणजे देखरेखीखाली एकत्र राहायच्या घराला, परमिट नाकारलं होतं. एक कारण काय, तर समोरच्या शाळेतली मुलं त्यांना त्रास देतील. त्या शाळेतच असे तीसेक विद्यार्थी शिकत होते! त्याच जागी फ्रॅटर्निटी हाउस (कॉलेजच्या पोरांच्या क्लबचं घर) विनापरमिट चाललं असतं. 1985 साली सुप्रीम कोर्टाने तो नकार रद्द केला.

शेजारी_त्रस्त: ती पोस्ट माझी. खटले वाचायला छान असतात. आमच्या एका ब्लॉकमध्ये तीन घरं आहेत, तिन्ही एकाच मालकाची. सहापर्यंत माणसं असली की लायसन्सवाल्या घराला राज्य साधं कुटुंबच धरतं, आणि सोबर लिव्हिंगला बहुतेकदा लायसन्सही लागत नाही. तीन सक अठरा, हे हॉस्टेल नाही तर काय? रात्री दीडला ड्राइव्हवेत सिगरेटी आणि स्पीकरफोन. इन्शुरन्स संपला की पोराला बॅगेसकट बाहेर काढतात. एक जण आमच्या कुंपणाला टेकून फोनचा चार्जर मागत होता. याला रिकव्हरी म्हणायचं?

गाडीवान: पार्किंगबद्दल कुणीच बोलत नाही.

खवचट: शेजारी, एमएस करताना दोन बेडरूममध्ये किती जण होतात?

शेजारी_त्रस्त: तो वेगळा विषय आहे.

जुना_एमएस: वेगळा कसा? आम्ही सात, लीजवर नावं दोन. मॅनेजर येणार कळलं की गाद्या कपाटात आणि तिघं लाँड्रीत. न्यूयॉर्कमधल्या बेल टेर गावात नात्यात नसलेल्या दोघांहून जास्त जणांना एका घरात राहायला बंदी होती. स्टोनी ब्रुकचे सहा विद्यार्थी त्यात सापडले, आणि 1974 ला सुप्रीम कोर्टाने गावाची बाजू घेतली. आपण नशिबाने सुटलो.

राईसकुकर: सातच? आम्ही आठ, बाथरूम एक. दारावर वेळापत्रक. त्यातला सर्वांत उशीर लावणारा आज एचओएचा (घरमालकांच्या सोसायटीचा) अध्यक्ष आहे आणि पाहुण्यांच्या गाड्यांवर नोटिसा चिकटवतो.

गाडीवान: बघा, शेवटी पार्किंगच.

जुना_एमएस: एचओएवर वेगळा धागा काढा. माझ्या दाराच्या रंगावरून तीन पत्रं आलीत.

मुक्ताई: पळवलात धागा! वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्समध्ये नात्यात नसलेले पाचच चालायचे, नातेवाईक मात्र कितीही. तिथल्या ऑक्सफर्ड हाउस नावाच्या सोबर लिव्हिंगमध्ये दहा-बारा जण होते. 1995 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, सूट मिळते ती घरातल्या एकूण गर्दीवरच्या मर्यादेला, ही तशी मर्यादा नव्हे, त्यामुळे शहराला फेअर हाउसिंग कायद्यातून सूट नाही.

आणि आता स्पष्टच सांगते. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, ग्रुप होमच्या वेटिंग लिस्टवर आहे. आमच्यामागे त्याने कुठे राहायचं ते तुमच्या सह्या ठरवणार?

शेजारी_त्रस्त: ताई, हे भावनिक ब्लॅकमेल आहे. तुमच्या मुलाचं घर माझ्या भिंतीला लागून आलं तरी माझी हरकत नाही. मी पेशंट आणून कमिशन खाणाऱ्यांबद्दल बोलतोय.

मुक्ताई: मग कमिशनखोरांविरुद्ध पिटिशन काढा. सह्या तर सरसकट 'बंद करा' वर घेताय.

खवचट: _/\_

शेजारी_त्रस्त: बरं बाई, शब्द बदलतो. कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा शहराने केलं तसं अशा दोन घरांत 650 फूट अंतर आणि घर चालवणाऱ्या ऑपरेटरला परमिट, एवढंच मागतो. झालं समाधान?

मुक्ताई: परमिटला माझी सही घ्या. अंतराला नाही. आधीच जागा मिळत नाहीत.

शेजारी_त्रस्त: अर्धी सही कशी घेतात ते मला माहीत नाही. मंगळवारी कौन्सिलपुढे प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. लिंक पाठवतो, या आणि माझ्याविरुद्ध बोला.