हेराल्डच्या मागच्या चाकांचं अलाइनमेंट, नाशकात कोणी करून देतं का?

पंचवटीकर७०
नमस्कार मंडळी. वडिलांची १९७० ची स्टँडर्ड हेराल्ड आहे, चार दरवाजेवाली, दिवाळीपासून परत रस्त्यावर काढलीये. मागच्या रेडियस आर्मचे बुश (सांध्यातले रबर) पार चिंध्या झालेले, ते एका मिस्त्रीकडून बदलून घेतले आणि तेव्हापासून गाडीचं बिनसलंय. सरळ जायचं तर स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरून ठेवावं लागतं, त्र्यंबक रोडला मागून येणारा मित्र म्हणाला तुझी गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते. डावा मागचा टायर बाहेरच्या कडेला झिजतोय, हात फिरवला तर करवतीसारखा लागतो, नवीन टायर आहे हो! अलाइनमेंटवाल्याकडे गेलो तर त्याच्या कॉम्प्युटरमध्ये हेराल्ड हे नावच नाही, वर म्हणतो मागच्या चाकांना अलाइनमेंट नसतंच. खरंय का हे?

स्पॅनर१३
त्याचं अगदीच चूक नाही, तो दिवसभर ज्या गाड्या बघतो त्यातल्या बहुतेकांना मागे फिरवायला काही नसतंच. पद्मिनी, अँबेसेडरला पण अख्खा ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना मिळून एकच ताठ दांडा, त्यामुळे तिथेही प्रश्न नाही. हेराल्डला मागे स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं आपापल्या दांड्यावर वेगवेगळी वरखाली झुलतात, मधल्या डिफरन्शियलच्या (चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) डोक्यावर स्प्रिंगचा एकच आडवा पाटा, आणि चाक पुढेमागे जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूला तो रेडियस आर्म. आर्मचा पुढचा ब्रॅकेट मागच्या सीटखाली बॉडीला बसतो आणि त्या दोघांच्या मधे पातळ पत्र्याचे तुकडे, म्हणजे शिम असतात. हेच तुमचं ॲडजस्टमेंट, दुसरं काही नाही. शिम वाढवली की चाक मागे सरकतं आणि टो-आउट होतं (चाकाचं तोंड बाहेर वळतं), काढली की पुढे येऊन टो-इन (तोंड आत). आता मिस्त्रीला एकच विचारा, ब्रॅकेट खोलताना मधून पत्र्याचे तुकडे पडले होते का?

पंचवटीकर७०
आत्ताच फोन केला. "हां ते वॉशरसारखं गंजलेलं होतं ना, डब्यात टाकलं" म्हणे 😑 जाऊन अख्खा नटबोल्टचा डबा पालथा केला, पाच तुकडे मिळाले, यू आकाराची खाच असलेले. कुठल्या बाजूचे किती ते त्याला आठवत नाही.

गंगापूररोडवाला
टेप घ्या आणि दोन्ही बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा, पुढची चाकं सरळ ठेवून. हे अंतर म्हणजे व्हीलबेस, तो ९१.५ इंच आहे. डावीकडे कमी भरणार बघा, कारण डावं चाक पुढे आलंय, त्याचं तोंड आत वळलंय, म्हणून गाडी तिरपी आणि टायर बाहेरून खातोय.

मग दोरा. गाडीच्या दोन्ही बाजूला स्टुलांवर दोरे बांधा, दोन्ही दोऱ्यांमधलं अंतर पुढे आणि मागे सारखं पाहिजे आणि गाडी बरोबर मधे. मग मागच्या रिमची पुढची कड आणि मागची कड दोऱ्यापासून किती लांब ते मोजा. रिमवर मोजा, टायरवर नाही, टायर फुगीर असतो. पुढची कड जास्त लांब असेल तर टो-इन. माझ्या गाडीला मी शून्य ते दीड मिमी टो-इन ठेवतो, दोन्हीकडे मिळून, आणि दोन्ही बाजू सारख्या, हे जास्त महत्त्वाचं.

स्पॅनर१३
आणि जॅकवरून उतरवल्याबरोबर मोजू नका!! स्विंग ॲक्सलची चाकं हवेत लोंबली की खालून आत जातात आणि जमिनीला टेकली तरी तशीच मांडी घालून बसतात. दहा-पंधरा फूट पुढेमागे ढकला, डिकी दोन-तीनदा दाबा, मग मोजा. पाटा बसलाय का तेही आधी बघून घ्या, बसलेला पाटा म्हणजे चाकं वरून आत झुकलेली, मग आतली कड झिजते आणि ती शिमने सुटत नाही. आडगावकडे ट्रकचे पाटे मारून देणारे आहेत, पण हा आडवा पाटा बघून ते आधी तुमच्याकडेच बघतील, जुना नमुना सोबत न्या.

कसारा_एक्सप्रेस
घाटात वळणावर एकदम ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग उचलल्यासारखा होतो, तो या गाडीचा स्वभावच आहे, त्याला अलाइनमेंटला दोष देऊ नका. आपल्याकडच्या मिस्त्र्यांना पण तो ॲक्सल कधी आवडला नाही, १९७२ ला स्टँडर्डचीच पुढची गाडी गॅझेल आली तेव्हा कंपनीने मागे सरळ अख्खा ॲक्सलच घातला.

पंचवटीकर७०
रविवारी केलं. मोजल्यावर डावीकडे व्हीलबेस ४ मिमी कमी निघाला. डावीकडे चार शिम, उजवीकडे एक असं बसवलं, जॅकवरून उतरवली आणि (हो, घाईत लगेच मोजलं) आकडे असे काही भलतेच आले की मी परत खोलायलाच घेणार होतो, मग स्पॅनर दादांचं आठवलं. शेजारच्या पोरांना लावून गल्लीतून दोनदा ढकलत नेली आणली, आता दोन्हीकडे अर्धा-अर्धा मिमी टो-इन आणि व्हीलबेस दोन्हीकडे सारखा. आज गंगापूर धरणापर्यंत चक्कर मारली, स्टिअरिंग मधे. टायर अदलाबदल केलेत, पाट्याचं बघतोय. बोल्टवर गंज फार आहे, ते नवीन कुठल्या ग्रेडचे घालू?

स्पॅनर१३
८.८. आणि सीटखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, बोल्टपेक्षा तोच आधी जातो.