टेबलावर टांगायचा दिवा: छोट्या स्टुडिओकडून करून घ्यावा का?

लोंबकळता_प्रश्न
जेवायचं टेबल १८० बाय ९० सेंमी आहे, त्यावर टांगता दिवा हवाय. आईवडील आणि मुलगी असे तिघं चालवतात तो एक स्टुडिओ सापडलाय. वडील पितळेचा पत्रा लेथवर दाबून शेड घडवतात, आई काच फुंकते, वायरिंग मुलीकडे. पेपरवेट, खुंट्या, दारांच्या मुठीही करतात. दिव्यात दोन पर्याय आहेत: ४५ सेंमीची एकच पितळी शेड, किंवा दुधी काचेच्या तीन लहान. दोन्हींची किंमत जवळपास सारखी. ऑर्डर दिल्यावर दहा आठवडे थांबायचं. बजेट माझा अर्धा पगार, त्यापुढे जमणार नाही. काय घेऊ?

जुनं_खोड
दहा आठवडे?? मी तयार दिवा घेतला, त्याच संध्याकाळी लावला. सहा वर्षं झाली, उत्तम चालू आहे.

झाडूची_काठी
छताला भोकच कशाला पाडायचं? कमानीचा उभा दिवा घ्या. कास्टिल्योनी बंधूंचा १९६२ चा 'आर्को' बघा. खाली सुमारे ६५ किलोचा संगमरवर आणि त्याला आरपार भोक, झाडूची काठी घालून दोघांनी उचलायला. माझं नाव त्यावरूनच. बजेट थोडं वाढवावं लागेल, पण आयुष्यात एकदाच घेतो आपण.

लोंबकळता_प्रश्न
"थोडं" या शब्दावर हसले. माझं आख्खं टेबल तेवढ्याचं नाही.

पिवळा_उजेड
काच घ्या. पितळ अपारदर्शक असतं, उजेड फक्त खाली पडतो आणि समोरच्याचा चेहरा अंधारात राहतो. दुधी काचेतून उजेड चहूकडे पसरतो. बल्ब २७०० केल्व्हिनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर. वॉट बघू नका, ल्युमेन (उजेड किती पडतो ते) बघा. जुन्या साठ वॉटच्या बल्बएवढा, म्हणजे ८०० ल्युमेनच्या आसपास उजेड आता आठ-नऊ वॉटमध्ये मिळतो.

ठणठणीत
२७०० म्हणजे आजारी उजेड. माणसाला ताटात काय आहे ते दिसायला हवं. पांढराशुभ्र ६५०० घ्या.

पिवळा_उजेड
६५०० मध्ये जेवायचं असेल तर ऑपरेशन थिएटरमध्येच टेबल लावा. (हलके घ्या.)

ठणठणीत
नाही घेणार.

भाजलेला_तळवा
मी असाच एका छोट्या कारागिराकडून दिवा करून घेतला होता. दिसायला देखणा, पण एलईडी आतच चिकटवलेला. तीन वर्षांनी ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) गेला, तोवर त्यांनी काम बंद केलं होतं. आता तो दिवा कपाटावर शोभेला आहे. त्यामुळे पहिला प्रश्न हा विचारा: साधा ई-२७ (आट्याच्या बल्बचा) होल्डर आहे का? असेल तर आट्याचा बल्ब कुठल्याही कंपनीचा बसतो, स्टुडिओ राहो न राहो. दुसरा प्रश्न: काच फुटली तर एकच शेड परत करून देतील का? हाताने फुंकलेली काच तंतोतंत जुळत नाही, तेव्हा तिनांतला एक वेगळा दिसेल हे धरून चाला. डिमर लावणार असाल तर एलईडीसाठीचाच घ्या, बल्बही डिमेबल. फिलामेंटच्या काळातल्या डिमरला आठ वॉटचा भार पुरत नाही, दिवा फडफडतो.

घडी_मोडू_नका
कुटुंबाचा धंदा म्हणून घाबरू नका. डेन्मार्कच्या येन्सन-क्लिंट या वास्तुविशारदाने आपल्या दिव्यासाठी कागदाच्या घड्या घालून शेड केली. पुढे मुलगा तागे याने १९४३ मध्ये त्यातूनच 'ले क्लिंट' कंपनी काढली. घड्यांच्या शेड आजही मिळतात.

भाजलेला_तळवा
आणि मुलीला उद्या दुसरंच काही करावंसं वाटलं तर?

घडी_मोडू_नका
तर ई-२७. तुम्हीच सांगितलंत ना!

चकचकीत
पितळ घेतलंत तर लॅकर (वर दिलेला पारदर्शक थर) आहे का विचारा. माझ्या लॅकरवाल्या शेडवर मी उत्साहाने पॉलिश घासलं, थर जागोजागी निघाला आणि शेडला नायटे झाले. लॅकर नसेल तर पितळ हळूहळू काळवंडतं, पण सगळीकडे सारखं, आणि हवं तेव्हा उजळता येतं.

जुनं_खोड
माझा पावडर कोटेड आहे. काही करावं लागत नाही.

मापात_राहा
कुणी उंची सांगितली नाही म्हणून लिहितो. टेबलाच्या वरच्या बाजूपासून शेडच्या खालच्या कडेपर्यंत ७५ ते ९० सेंमी ठेवा, आणि बसून बघा, बल्ब डोळ्यांत येतो का. एकच शेड असेल तर रुंदी टेबलाच्या रुंदीच्या निम्मी ते दोन-तृतीयांश, म्हणजे तुमची ४५ बसते. वजन विचारा. हुक स्लॅबमध्ये हवा, फॉल्स सीलिंगच्या पत्र्यात नको. तरी मत काचेलाच. १८० लांबीला एक शेड कमी पडेल, टोकांना अंधार.

नवा_पाहुणा
+१ काच. बल्ब २७०० केल्व्हिनचा घ्या, कुणी सांगितलं नसेल तर.

लोंबकळता_प्रश्न
सर्वांचे आभार. काल स्टुडिओत जाऊन आले. होल्डर ई-२७ आहे, लॅकर नाही, वजन साडेतीन किलो. सपाट चकती लेथवर फिरत फिरत वाटी होताना पाहिली. वडील लांब दांड्याचं हत्यार काखेत धरून सगळं अंग त्यावर रेलतात.

पितळी एकच सांगून आले. हो, माहीत आहे, सगळे काच म्हणाले. पण खरं कारण मी धाग्यात लिहिलंच नव्हतं: छताला ओलीचा मोठा डाग आहे. काचेचे तीन दिवे लावले असते तर जेवताना तोच उजळून निघाला असता. टोकांना अंधार चालेल, आम्ही तिघंच आहोत.

मापात_राहा
थांबा. डाग दिव्याच्या पॉइंटपासून किती लांब आहे?

लोंबकळता_प्रश्न
वीतभर.

मापात_राहा
मग आधी एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियनकडून तो जंक्शन बॉक्स उघडून घ्या. ओल, धातूची शेड आणि न जोडलेलं अर्थिंग हे तिन्ही एकत्र नको. गळती थांबून छत कोरडं होईपर्यंत तिथे काहीही टांगू नका.

ठणठणीत
६५०० लावला असता तर ओल कधीच दिसली असती.

लोंबकळता_प्रश्न
एमसीबी पाडलाय. प्लंबर परवा येतोय. दिव्याला तसेही दहा आठवडे आहेत.

जुनं_खोड
वॉटरप्रूफिंगसाठी वेगळा धागा काढा, मी माझ्या गच्चीचं सांगतो.