मदत हवी आहे: नुकत्याच व्यालेल्या गाईला बायपास फॅट (पहिल्या पोटात न विरघळता पुढे जाऊन पचणारी चरबी) कधीपासून द्यावं?

नमस्कार. आमची तिसऱ्या वेताची गाय व्याली त्याला आज 18 दिवस झाले. दूध रोज वाढतंय, पण गाय डोळ्यांदेखत खंगतेय. शेपटीच्या मुळाशी खड्डा पडलाय, बरगड्या लांबून मोजता येतात. वैरण खाते, खुराक मात्र हुंगून मान फिरवते. बघताना जीव तुटतो. दुधाची फॅट अचानक चढलीय, त्याचीच जास्त धास्ती वाटते. अंगावरची चरबी वितळून रक्तात उतरते, यकृताला पेलत नाही आणि कीटोसिस (रक्तात कीटोन नावाचे घटक साचण्याचा आजार) होतो, म्हणून.

चरबीत पिष्टाच्या साधारण सव्वादोन पट ऊर्जा असते. पण साधं तेल जास्त झालं तर कोटीपोटातले (गाईच्या पहिल्या पोटातले) जिवाणू दबतात, चारा नीट पचत नाही. म्हणून बायपास फॅटचा विचार करतोय. त्यानेही काही गाई खाणं कमी करतात, मग उपयोग काय?

ज्यांनी वापरलंय त्यांनी कृपया सांगा, व्याल्यावर लगेच सुरू केलं की खाणं सावरल्यावर? पाल्मिटिक (एक मेदाम्ल) जास्त असलेली बायपास फॅट पावडर दुधाची फॅट वाढवते म्हणतात. अंग सावरायला ओलेइकवालं (दुसरं एक मेदाम्ल असलेलं) मिश्रण बरं पडतं का? डॉक्टर उद्या कीटोन तपासायला येणार आहेत.