थर्मोस्टॅटवर 'लो' केलं की पंखा जोरात, 'हाय' केलं की मंद

खाडीकाठी:
दुबईत भाड्याने राहतो. इमारतीला चिल्ड वॉटरचा एसी, म्हणजे गार पाणी नळ्यांतून खोल्यांत येतं; प्रत्येक खोलीच्या छतात फॅन कॉइल, म्हणजे त्या पाण्याची कॉइल आणि तिच्यावरून हवा फेकणारा पंखा. बेडरूमचा जुना थर्मोस्टॅट गेला म्हणून गेल्या आठवड्यात एकाकडून डिजिटल बसवून घेतला. तेव्हापासून 'लो' केलं की वारा नुसता भणाणतो. आई साताऱ्याहून आली आहे, भर ऑगस्टात गोधडी गळ्यापर्यंत ओढून झोपते. आत सहा वायरी आहेत. हॉलचं युनिटही याच थर्मोस्टॅटवर घ्यावं म्हणतोय. जमेल का?

छतातला_माणूस:
सतरा वर्षं हेच काम करतोय. फेज, न्यूट्रल, गार पाणी सोडणारा-अडवणारा व्हॉल्व्ह आणि पंख्याच्या वेगाच्या तीन (लो, मध्यम, हाय), अशा तुमच्या सहा वायरी. लो आणि हाय अदलाबदल झाल्यात. रंगांवर अजिबात विसंबू नका, प्रत्येक ठेकेदार हाताला येईल ती वायर ओढतो. मोटर एकच असते, तिच्या वाइंडिंगमधून, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांतून, तीन टोकं काढलेली असतात. एमसीबी (बोर्डावरचा त्या लाइनचा स्विच) पाडायचा, मीटरने वीज नसल्याची खात्री करायची, तिन्ही वायरी सोडवायच्या आणि न्यूट्रलपासून एकेकीचा रोध ओहममध्ये मोजायचा. सगळ्यांत कमी आकडा तो हाय, सगळ्यांत जास्त तो लो. पण 230 व्होल्ट आहे आणि घर भाड्याचं. इमारतीच्या मेंटेनन्सला बोलवा, आणि हे त्यांना सांगा.

हॉलचं मात्र मुळीच करू नका! दोन मोटरींची टोकं एकत्र बांधली की एका वेगाला दिलेली वीज वाइंडिंगमधून फिरून बाकीच्या टोकांवरही येते आणि दुसऱ्या मोटरमध्ये भलतीकडून शिरते. दोन्ही तापतात. अशा जळक्या मोटरी मी छतातून उतरवल्यात, झाकण उघडायच्या आधीच वास येतो. मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकून करता येतं, पण त्यापेक्षा हॉलला वेगळा थर्मोस्टॅट घ्या.

मरीनावाली:
काकूंसाठी एक सांगते. रात्री पंखा ऑटोवर नको, लोवरच ठेवा. वारा कमी लागतो आणि कॉइलवरून हवा हळू गेली की दमटपणाही जास्त निघतो. आम्ही 25 वर झोपतो. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर पंखाही थांबेल असं सेटिंग असेल तर तेही करा, नाहीतर कॉइलवरचं पाणी वाळून पुन्हा खोलीतच येतं.

खाडीकाठी:
मेंटेनन्सचा माणूस येऊन गेला. काळी 92, पिवळी 118, लाल 147. काळी लोला होती आणि लाल हायला, ती बदलली. हॉलचा विचार सोडला. दादा, ताई, मनापासून आभार. काल रात्री गोधडी आईच्या पायाशीच होती.