मदत हवी आहे: गावच्या घरी एक छत्री, तीन टीव्ही (डीडी फ्री डिश)

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळ आमचं गावचं घर आहे. तिथे डीडी फ्री डिशची एक छत्री आहे आणि ओटीवर एक टीव्ही. चतुर्थीच्या आधी आणखी दोन टीव्ही चालू करायचे आहेत, एक आजीच्या खोलीत आणि एक माडीवर काकांकडे. तिन्ही टीव्हींवर एकाच वेळी वेगवेगळे चॅनेल दिसायला हवेत, ही मुख्य अट.

एवढा आग्रह आजीसाठी आहे. गुडघ्यांमुळे तिला आता ओटीवर येऊन बसणं जमत नाही. सह्याद्रीच्या बातम्या ती इतकी वर्षं न चुकता बघत आली आहे. घर भरलेलं असताना ती एकटीच आतल्या खोलीत भिंतीकडे बघत पडलेली असते, ते मला बघवत नाही. ओटीवर मुलांचं क्रिकेट चालू असलं तरी तिला तिचं तिला लावता आलं पाहिजे. महिन्याचं रिचार्ज नको, म्हणून फ्री डिशच हवं.

सध्याची परिस्थिती अशी: छत्री ६० सेंटिमीटरची, न्हाणीघराच्या स्लॅबवर. एलएनबी (छत्रीसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) एकाच तोंडाची. तिथून ओटीपर्यंत वायर साधारण १५ मीटर. आजीची खोली मागच्या अंगाला, तिथे २५ मीटर तरी लागेल. माडी त्याहून जवळ. ओटीवरचा डबा जुना, एमपेग-२ (चित्र पाठवायची जुनी पद्धत) वाला. आजीसाठी आणलेला टीव्ही छोटा एलईडी, त्याला एचडीएमआय आहे. काकांचा टीव्ही नवा, त्याच्या मागे अँटेनाशेजारी सॅटेलाइटचं वेगळं सॉकेट दिसतं.

आतापर्यंत तीन सल्ले मिळाले. दुकानदार म्हणतो, तीन छत्र्या लावा. गावातला मेकॅनिक म्हणतो, स्प्लिटर टाकून एकाच वायरीच्या तीन करतो. शेजारचे म्हणतात, एकाच डब्यातून तिन्ही टीव्हींना वायर काढा. शेवटच्या उपायात सगळीकडे एकच चॅनेल दिसणार हे कळतं, त्यामुळे तो बाद. पहिल्या दोघांत कुणाचं ऐकू? की आणखी काही मार्ग आहे? आणि आमच्याकडच्या पावसात काय टिकेल?

प्रतिसाद (सांगलीहून)

दादा, डिश बसवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, म्हणून सविस्तर लिहितो. तीन छत्र्या नकोत आणि स्प्लिटरही नको. क्वाड एलएनबी घ्या, म्हणजे चार तोंडांची. छत्री तीच, दांडाही तोच. चार तोंडं एकमेकांपासून स्वतंत्र असतात. प्रत्येक तोंडाला एक वायर आणि त्या वायरीला एकच डबा.

स्प्लिटर का नको, ते समजून घ्या. डबा वायरीतून नुसता सिग्नल घेत नाही, एलएनबीला हुकूमही देतो. १३ व्होल्ट पाठवले की एलएनबी उभ्या पोलॅरिटीचे (म्हणजे उभ्या लहरींवरचे) चॅनेल देते, १८ व्होल्ट पाठवले की आडव्या. वर २२ किलोहर्ट्झचा टोन दिला की ११७०० मेगाहर्ट्झच्या वरचा बँड, नाही दिला की खालचा. एका वायरीवर तीन डबे बसले आणि त्यांनी वेगवेगळे हुकूम दिले, तर एलएनबी एकाचंच ऐकणार.

तुमचा मेकॅनिक अगदीच चुकीचं सांगत नाहीये. फ्री डिशच्या ११०९०, ११४७० अशा फ्रिक्वेन्सी ११७०० च्या खालच्या आहेत. तिघांना हवे असलेले चॅनेल एकाच पोलॅरिटीवर असतील तर स्प्लिटरवर चालूनही जातं. पण साध्या स्प्लिटरच्या एकाच तोंडातून वीज पलीकडे जाते. त्या तोंडाचा डबा काकांनी रात्री बंद केला की आजीचा टीव्हीही गेला. म्हाताऱ्या माणसाला हे कोण समजावणार? तिची लाइन कुणावर अवलंबून नको.

बाजारात केबल टीव्हीचे स्प्लिटर मिळतात, ते तर अजिबात घेऊ नका. एलएनबीकडून खाली येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो आणि ते स्प्लिटर बहुतेक ८६० किंवा १००० पर्यंतचेच असतात. बसतात व्यवस्थित, पण वरचे चॅनेल गाळून टाकतात. मग लोक महिनाभर छत्री हलवत बसतात.

प्रतिसाद (नाशिकहून)

काकांच्या नव्या टीव्हीसाठी वेगळा डबा बहुतेक लागणार नाही. मागचं ते सॉकेट म्हणजे आतच बसवलेला सॅटेलाइट ट्यूनर. आमच्याकडे तसाच आहे. एलएनबीची वायर थेट टीव्हीला लावायची, सेटिंगमध्ये अँटेनाऐवजी सॅटेलाइट निवडायचं, एलएनबी फ्रिक्वेन्सी ९७५०/१०६०० ठेवायची, डायसेक (अनेक एलएनबींमधून एक निवडायची सोय) बंद आणि स्कॅन. रिमोट एकच राहतो, हा मोठा फायदा. असा ट्यूनर असलेल्या टीव्हींसाठी भारतीय मानक ब्युरोचं मानकही आहे, आयएस १८११२, २०२२ चं.

आजींसाठी डबा घ्याल तो एमपेग-४ वालाच घ्या. जुन्या एमपेग-२ डब्यावर एमपेग-४ चे चॅनेल दिसतच नाहीत, नव्यावर दोन्ही दिसतात. ओटीवरचा जुना चालतोय तोवर चालू दे.

आणखी एक. खाजगी चॅनेलच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे आज दिसणारा चॅनेल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. एप्रिलच्या सुरुवातीला तिन्ही ठिकाणी एकदा नव्याने स्कॅन करा. सह्याद्री दूरदर्शनचाच असल्याने आजींना त्याची धास्ती नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आजीची लाइन कुणावर अवलंबून नको, हे वाक्य मेकॅनिकला जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि त्यालाही पटलं. क्वाड एलएनबी मागवतो आहे.

दोन शंका उरल्या. २५ मीटरच्या वायरीला मध्ये सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर लागेल का? आणि पावसाचं काय? जुलैत जोराची सर आली की ओटीवरचा टीव्हीसुद्धा जातो. तीन टीव्ही केल्यावर जास्त जाईल का?

प्रतिसाद (सांगलीहून)

पाऊस आणि टीव्हींची संख्या यांचा संबंध नाही. पावसात सिग्नल जातो तो ढग आणि छत्री यांच्या मधल्या हवेत. डिशचा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्या केयू बँडला मोठे थेंब आडवे येतात. एलएनबीला पोचलाच नाही तो सिग्नल अँप्लिफायर कुठून आणणार? तो नुसता गोंगाट वाढवतो. डब्याच्या मेनूत दोन पट्ट्या असतात, एक सिग्नलची आणि एक क्वालिटीची. अँप्लिफायरने पहिली वाढते, चित्र मात्र दुसरीवर अवलंबून असतं. छत्री जुळवताना क्वालिटीच बघत चला.

कोकणात ६० ची छत्री चालते, पण काठावर. खर्च करायचाच असेल तर ७५ किंवा ९० सेंटिमीटरच्या छत्रीवर करा. जोराच्या सरीत थोडा वेळ जाईलच, पण जाणं कमी होईल आणि लवकर परत येईल.

२५ मीटरला अँप्लिफायर नको, वायर चांगली हवी. आरजी-६ (डिशसाठी वापरतात ती गोल वायर) घ्या, मधली तार सबंध तांब्याची. वर तांब्याचा मुलामा आणि आत लोखंड, अशीही मिळते, तिच्यात लांब अंतरावर वीज कमी पडते. मध्ये जोड नको, एकसंध लांबी घ्या. कनेक्टर हाताने फिरवून बसवायचे नकोत, दाबून बसवायचे घ्या. एलएनबीपाशी वायरीला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या टोकाला गळून जाईल, कनेक्टरात शिरणार नाही. चौथ्या रिकाम्या तोंडाला रबरी टोपण लावायला विसरू नका, कोकणातल्या एका पावसाळ्यात ते तोंड गंजून एलएनबी जाते.

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

छत्रीच्या दिशेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. आपल्याकडून तो आग्नेयेला दिसतो, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. तेव्हा न्हाणीघराच्या आग्नेयेला माड किंवा फणस आहे का ते आधी बघा. मे महिन्यात लावलेली छत्री भाद्रपदात पानांआड जाते, हे आमच्या वाडीत घडलंय. वाऱ्याने हलणारी झावळी आड आली की चित्र मध्येच चौकोनी चौकोनी फुटतं आणि लोक डब्याला दोष देतात.

दुसरं म्हणजे ९५ अंशावर दुसरा उपग्रह अगदी खेटून आहे. घाईत छत्री त्याच्यावर जुळते, सिग्नलची पट्टी भरलेली दिसते आणि चॅनेल एकही येत नाही. क्वालिटी येईपर्यंत छत्री केसभर केसभर सरकवायची.

धागाकर्ता

झालं एकदाचं! छत्री ९० ची घेतली, माडाच्या झावळ्या टाळायला स्लॅबच्या दुसऱ्या कोपऱ्यावर नेली. ओटी आणि माडी लगेच लागली. काकांच्या टीव्हीला खरोखरच डबा लागला नाही.

आजीच्या खोलीत मात्र क्वालिटी कमी आहे आणि काही चॅनेल येतच नाहीत. तोच डबा ओटीवरच्या वायरीला लावला तर सगळे येतात. वायर लांब म्हणून असेल का?

प्रतिसाद (सांगलीहून)

डबा ओटीवर नीट चालतोय, म्हणजे दोष वायरीत, कनेक्टरात नाहीतर एलएनबीच्या तोंडात. दोन्हीकडचे डबे बंद करून वर ओटीची आणि आजीची वायर आपसात बदला. दोष आजीकडेच राहिला तर वायर किंवा कनेक्टर, ओटीवर गेला तर एलएनबीचं ते तोंड. काही ठरावीक चॅनेलच गेले असतील तर बऱ्याचदा कनेक्टर नीट बसलेला नसतो, वायरीतली तारांची जाळी त्याला धड टेकलेली नसते.

धागाकर्ता

वायरी बदलल्या, दोष आजीकडेच राहिला. खोलीतला कनेक्टर कापून पाहिला, जाळी त्याला धड टेकलीच नव्हती. मेकॅनिकने नवा कनेक्टर दाबून बसवला आणि सगळे चॅनेल आले. आजीच्या रिमोटवर सह्याद्रीच्या नंबरांना लाल ठिपके लावून दिलेत. संध्याकाळच्या बातम्या तिने स्वतः लावल्या.

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

छान झालं. आता एकच सांगतो. ऑक्टोबरात आणि मे अखेरीस विजा कडाडायला लागल्या की तिन्ही वायरी टीव्हीपासून काढायच्या, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आजींना वाकता येत नसेल तर त्यांच्या खोलीतलं ते काम घरातल्या कुणाकडे तरी नक्की सोपवा, आणि छत्रीच्या दांड्याला अर्थिंगची तार जोडून घ्या.