‘कोर्ट’ दिवे मालवले तिथेच संपायला हवा होता का?

जुळेसोलापूरकर

(पुढे काही चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांनी कृपया येथेच थांबावे.)

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मागच्या रविवारी घरी पुन्हा पाहिला आणि तेव्हापासून त्याच्या शेवटाविषयी जाणकारांशी बोलावे असे वाटत आहे. एका सफाई कामगाराला गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपावरून लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर चाललेला खटला न्यायालयाला सुट्टी लागेपर्यंत लोंबकळतच राहतो. मग दालन रिकामे होते, एकेक दिवा मालवला जातो आणि पडदा काळा होतो. माझ्या मते चित्रपट येथे संपलेला आहे.

दिग्दर्शक मात्र पुढे जातो आणि आपल्याला न्यायाधीश सदावर्ते यांच्या सहलीला घेऊन जातो. तेथे ते एका नातलगाला, मुलाला बोलता येत नाही म्हणून त्याचे नाव बदलण्याचा आणि खड्याचा सल्ला देतात, नंतर बाकावर डुलकी घेतात, मुले ओरडून त्यांची झोपमोड करतात, तेव्हा हाताशी सापडलेल्या एकाला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. माझा आक्षेप असा की, तोपर्यंत हा चित्रपट कोणालाही खलनायक ठरवत नाही. ज्या सरकारी वकील बाई कांबळे यांना तुरुंगात ठेवण्यासाठी युक्तिवाद करतात, त्याच लोकलमधून घरी जाताना, स्वयंपाक करताना आणि कुटुंबासोबत नाटक पाहताना दिसतात, आणि त्यांच्यावर राग धरणे अवघड होऊन बसते. असा संयम शेवटच्या काही मिनिटांत का सोडला असावा? आपण अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांपैकी कोणाचा शेवट योग्य जागी झाला असे आपल्याला वाटते, तेही लिहावे.

काळा कोट

आपल्या आक्षेपाशी मी सहमत नाही, आणि त्याला माझा व्यवसायही कारण असेल. संपूर्ण चित्रपटात हे न्यायाधीश काय करतात ते आठवून पाहावे. साक्षीदार बोलतो एक, आणि ते टंकलेखकाला आपल्या शब्दांत, नीटनेटके करून, भलतेच काही सांगतात. एक महिला बिनबाह्यांचा पोशाख घालून आली म्हणून तिचे प्रकरण ऐकण्यास नकार देतात. त्यात दुष्टपणा कोठेही नाही, सवय आहे. सहलीतही तेच घडते: कोणी ओरडले याची चौकशी न करता निकाल दिला जातो आणि ज्याला शिक्षा झाली त्याचे म्हणणे नोंदवले जात नाही. दिवे मालवण्याच्या दृश्यावर चित्रपट थांबला असता तर दोष इमारतीचा, व्यवस्थेचा, म्हणजे कोणाचाच नाही, असे मानून आपण सुटलो असतो.

उन्हाळी सुट्टीपूर्वीचा शेवटचा दिवस कसा असतो हे आम्हा वकिलांना चांगले ठाऊक आहे. बोर्ड, म्हणजे दिवसाच्या प्रकरणांची यादी, मोठे; वेळ थोडा. खेड्यातून आलेला पक्षकार दुपारपर्यंत व्हरांड्यात उभा राहतो, जूनमधील तारीख जुन्या पावतीच्या मागे लिहून घेतो, ती खिशात ठेवतो आणि एस.टी. गाठतो. त्या पक्षकाराचे पुढे काय झाले हे आपण विचारत नाही, तसेच न्यायाधीशांनी सुट्टीत काय केले हेही विचारत नाही. ताम्हाणे यांनी दुसरा प्रश्न विचारला, म्हणून तो शेवट मला अनावश्यक वाटत नाही.

करमाळकर

शेवट योग्य जागी होण्याचे उदाहरण म्हणून मी ‘फॅन्ड्री’ सुचवेन. नागराज मंजुळे आमच्या तालुक्यातील जेऊरचे, त्यामुळे माझे मत पूर्णपणे निःपक्षपाती नाही हे आधीच सांगतो. जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि चित्रपट संपतो, हे सर्वांनाच आठवते. परंतु तो दगड अंगावर येण्यासाठी त्याआधीची डुकराची लांबलचक धरपकड आवश्यक आहे. शाळेत राष्ट्रगीत सुरू होताच जब्याचे सारे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते आणि हाती आलेले डुक्कर निसटते. पुढे तेच डुक्कर बांधून नेत असताना मागच्या भिंतीवर फुले, आंबेडकर आणि गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. तेथे कोणीही भाषण करत नाही. दगडानंतर जब्या कोठे गेला, त्याला मार बसला का, त्याचा बाप कचरू काय म्हणाला, यांपैकी काहीही दाखवले असते तर प्रेक्षक पुन्हा सुरक्षितपणे खुर्चीत रेलून बसला असता.

‘सैराट’बद्दल मात्र घरात आमचे दोन तट आहेत. चिमुकल्याच्या रक्ताळलेल्या पावलांवर आवाज पूर्णपणे बंद करणे मला योग्य वाटते. आमच्या वडीलबंधूंना वाटते की, इतक्या गाण्यांनंतर असा शेवट म्हणजे प्रेक्षकाची फसवणूक आहे. मी त्यांना इतकेच विचारतो, की अर्चीच्या माहेरची माणसे आहेराच्या पिशव्या घेऊन दारात आली आणि ती चहा ठेवायला गेली, तेव्हाच तुम्हाला पुढचे कळले नव्हते का?

पूर्वभाग

वडीलबंधूंची बाजू कोणीतरी मांडायला हवी. आमच्या भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते आणि तेलुगू चित्रपट पाहूनच आम्ही लहानाचे मोठे झालो. तेथे नायकाने शेवटी हिशोब चुकता करणे ही प्रेक्षकाची रास्त अपेक्षा असते आणि ती बाळगण्यात कमीपणा आहे असे मला वाटत नाही. तरीही ‘धडक’ पाहिल्यानंतर ‘सैराट’चा शेवट मला अधिक पटला. २०१८ च्या त्या हिंदी आवृत्तीत नायक आणि मूल मारले जातात, पण नायिका जिवंत राहते. त्यामुळे आपण तिच्या आक्रोशाकडे पाहत राहतो आणि मूल एकटे मागे उरण्याची भीती नाहीशी होते.

एक तक्रार मात्र दिग्दर्शकांविषयी नाही, आपल्याविषयी आहे. चित्रपट संपत आला असा नुसता अंदाज येताच वाहनतळातून दुचाकी आधी काढता यावी म्हणून निम्मे लोक उठतात, द्वारपाल दार उघडतो आणि बाहेरच्या उजेडाचा पट्टा पडद्यावर पडतो. ‘कोर्ट’चा पडदा काळा झाल्यावर सहलीचा प्रसंग किती जणांनी पाहिला असेल याची मला शंकाच आहे.

जुळेसोलापूरकर

काळा कोट यांचे ‘चौकशी न करता निकाल’ हे निरीक्षण पटले. त्या दृष्टीने मी तो प्रसंग पाहिलाच नव्हता. तरी खड्याचा सल्ला आणि चापट दोन्ही हवेत का, याबद्दल माझे समाधान झालेले नाही. केवळ सल्ला पुरेसा होता असेच मी अजूनही म्हणेन.

नवी पेठ

आपण सारे नव्या चित्रपटांविषयी लिहीत आहात म्हणून एक जुना जोडतो. शालेय शिक्षण सोलापुरात झालेल्या जब्बार पटेल यांचा ‘सामना’ १९७५ मध्ये बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता, आणि साखर कारखानदारीचा आपला जिल्हा असल्याने त्यातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आपल्याला निराळा समजावून सांगावा लागत नाही. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा मास्तरांचा प्रश्न आजही लोकांच्या तोंडी आहे, पण चित्रपटात त्याचे उत्तर मिळते, हे अनेकांना आठवत नाही. म्हणजे खटला अर्धवट सोडला तरच प्रेक्षक अस्वस्थ राहतो, असे मुळीच नाही.

जुळेसोलापूरकर, आपल्याला आवडणारा शेवट हवा असेल तर याच दिग्दर्शकाचा १९७९ चा ‘सिंहासन’ पाहावा. ‘सामना’तील हिंदुराव, म्हणजे निळू फुले, तेथे पत्रकार दिगू टिपणीस झाले आहेत आणि सारे राजकारण जवळून पाहिल्यावर ते अखेरीस वेड्यासारखे हसत सुटतात. त्यानंतर सहलीचा प्रसंग नाही.